आधी फास्ट रोमिंग बंद करून बघा
लॅपटॉप व्यवस्थित चालतोय आणि फक्त मोबाइलच मेश वायफायवरून (घरभर ठेवलेले, एकच नेटवर्क देणारे अनेक डबे) तुटतायत, तर लगेच राउटर बदलू नका. कुठल्या नोडला (मेशमधल्या डब्याला) जोडायचं हे शेवटी फोन ठरवतो, मेश फक्त सुचवतं. आयफोन साधारण -७० डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) खाली सिग्नल गेल्यावरच दुसरा नोड शोधतो. सेटिंगमध्ये फास्ट रोमिंग (८०२.११आर, म्हणजे एका नोडवरून दुसऱ्यावर पटकन जाण्याची सोय) असेल तर ते बंद करा; काही जुन्या फोनना ते नडतं. वायफायची सुरक्षा पद्धत डब्ल्यूपीए२/३ मिश्र असेल तर काही दिवस नुसतं डब्ल्यूपीए२ ठेवा. पण एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही.

आणि हो, फायबरवाल्याच्या डब्याचं वायफाय मेशच्याच नावाने सुरू नाही ना? असेल तर या सगळ्याच्याही आधी ते बंद करा. फोन तिकडे उडी मारतात आणि आपण मेशला दोष देत बसतो.