अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं लहान गाव: तिथली माणसं, त्यांची कामं

शिकागो-डेट्रॉइटबद्दल भरपूर लिहून झालंय. मका-सोयाबीनच्या शेतांमध्ये वसलेल्या लहान गावांत जे राहिलेत, त्यांनी तिथली माणसं काय कामं करतात, शेजारी कसे असतात, ते इथे लिहा. सुरुवात मी करते.

आमचं गाव इंडियानातलं कोलंबस. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, तरी वाणसामानाच्या दुकानात मराठी कानावर पडतं. कारण कमिन्स. डिझेल इंजिनांची ही कंपनी १९१९ मध्ये इथे सुरू झाली, १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात आली, आणि कोथरूड-कोलंबस ये-जा अजून चालू आहे. मला मात्र सांगायचंय जे. अर्विन मिलर यांच्याबद्दल. कंपनीची धुरा त्यांच्याकडे असताना ठरलं, की गावाने शाळेसाठी उत्तम वास्तुरचनाकार नेमला तर त्याची फी कमिन्स फाउंडेशन देईल. पुढे बाकीच्या सार्वजनिक इमारतींनाही ते लागू झालं. इथलं एक अग्निशमन केंद्र नामवंत वास्तुरचनाकार रॉबर्ट व्हेंच्युरींचं आहे! कामगाराचं पोर ज्या शाळेत बसतं ती जाणत्या हाताने बांधलेली असावी, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

कोलंबसमधूनच
मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आले. नोकरीची परवानगी नव्हती, नवरा दिवसभर प्लांटवर. वास्तुरचनाकार आय. एम. पेईंनी रचलेल्या लायब्ररीत पुस्तकं लावायला जाऊ लागले, बिनपगारी. तिथल्या निवृत्त शिक्षिका आजींनी मला गाडी शिकवली, थँक्सगिव्हिंगला घरी जेवायला बोलावलं. २०१५ मध्ये काही एच-४ धारकांना कामाची मुभा मिळाली तेव्हा माझ्यासाठी शिफारसपत्र त्यांनीच लिहिलं.

आयोवातून
आमच्याकडे जुलै म्हणजे मक्याचे तुरे उपटायचा महिना. संकरित बियाण्याच्या शेतात मादी ओळींचे तुरे काढून टाकावे लागतात, म्हणजे परागकण फक्त नर ओळींचे मिळतात. बरेचसे तुरे यंत्र काढतं, राहिलेले हातानेच. चौदा वर्षांपासूनची मुलं जातात. माझा मुलगाही गेला. पहाटे अंधारात बस, दवाने चिंब पानं, अंगावर कचऱ्याची प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली. दहानंतर तेच शेत भट्टीसारखं तापतं. पानांच्या कडांनी हात कापतात, म्हणून उकाड्यातही पूर्ण बाह्या. डॉक्टरांची मुलगी आणि ट्रक ड्रायव्हरचा मुलगा शेजारशेजारच्या ओळीत. पगार हातात आल्यावर पोराने आधी आजीला साताऱ्याला फोन लावला. आजीचं पहिलं वाक्य, "अरे, आपल्याकडं रानात यायला कंटाळायचास की!"

पूर्वी कोलंबस, आता पुणे
७ जून २००८ चा पूर आम्ही पाहिला. हॉ क्रीक एरवी साधा ओढा. त्या दिवशी पाणी हॉस्पिटलमध्ये शिरलं, सगळे रुग्ण हलवावे लागले, हॉस्पिटल कित्येक महिने बंद राहिलं. आमच्या तळघरात छातीएवढं पाणी. दुसऱ्या दिवशी ओळखही नसलेली माणसं पंप घेऊन दारात उभी. भिजलेले गालिचे ओढून बाहेर काढणाऱ्यांत कारखान्यातल्या लाइनवरचा ऑपरेटर होता आणि कंपनीतला माझा डायरेक्टरही. चर्चमधून जेवण यायचं. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर आमचे डबे वेगळे यायला लागले, न सांगता. पुण्यात परतलो तरी त्यांच्यातल्या दोघांशी आजही बोलणं होतं.

विस्कॉन्सिनमधून
इथल्या डेअरींवर पहाटेचं दूध काढणारे बरेच जण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले आहेत. गावाच्या गप्पांत त्यांचं नाव क्वचितच निघतं. कोणी त्यांच्याबरोबर काम केलंय का, त्यांच्या मुलांना शिकवलंय का? जरूर लिहा.