ऑकलंडची लोकल बोर्डं: खरे अधिकार की नुसतं मत मांडण्यापुरती?

तिठा: मुंबई-पुण्यातल्या प्रभाग समित्यांचा विषय निघाला की न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराचा दाखला हमखास येतो. तिथे आठ जुनी कौन्सिलं मोडून २०१० साली एकच महापालिका केली आणि तिच्या पोटात २१ लोकल बोर्डं, म्हणजे एकेका भागाची निवडून आलेली मंडळं, ठेवली. पण या बोर्डांना कर बसवता येत नाही, करारावर सही करता येत नाही, जमीन घेता-विकता येत नाही, साधा कारकूनही नेमता येत नाही. तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे असताना याला सत्ता का म्हणायचं? त्याआधी २००९ च्या रॉयल कमिशनने (सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने) सहा मोठी स्थानिक कौन्सिलं सुचवली होती. ती सरकारने नाकारली, माझ्या मते तिथेच चुकलं.

हिशेबनीस: काय नाही ते तुम्ही मोजलंत, आता काय आहे तेही मोजा. ऑकलंड महापालिकेच्या २००९ च्या कायद्याचं १७ वं कलम सांगतं की परवाने-नियमन सोडून बाकीचा निर्णय मुळात बोर्डाचा. शहरभर एकच धोरण लागेल तेवढंच वर, म्हणजे महापौर आणि २० नगरसेवकांकडे.

बागेतली खेळणी घ्या. घसरगुंडी झिजली, तर तशीच नवी बसवायची की एक झोका कमी करून वर सावलीला छत घालायचं? अधिकारी पर्याय आणि खर्च मांडतात, वर्कशॉपमध्ये चर्चा होते (तिथे ठराव होत नाही), मग जाहीर सभेत मतदान. सही अधिकाऱ्याची असली तरी ठरावाबाहेर त्याला जाता येत नाही. त्या बागेत कुत्रा मोकळा सोडायचा की पट्ट्याने बांधूनच आणायचा, हेसुद्धा बोर्डच ठरवतं.

पानगळ: बागेच्या आत सगळं ठीक. पण त्याच बागेच्या फाटकासमोर झेब्रा क्रॉसिंग हवं असेल तर? २०१० साली रस्ते ऑकलंड ट्रान्सपोर्ट या वेगळ्या संस्थेच्या हाती गेले. बोर्डाच्या वाट्याला छोटा वाहतूक निधी आला. त्यातून काम सुचवायचं बोर्डाने, होईल की नाही ते ठरवायचं त्या संस्थेने. लोक मात्र तक्रार घेऊन बोर्डाच्याच दारात येतात. हिशेबनीस, तुमची घसरगुंडी मान्य, पण मूल रस्ता ओलांडून तिथे पोचायला हवं ना!

हिशेबनीस: रस्त्यांबाबत तुमचं खरं आहे, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण खरी गोम पैशाच्या वाटपात होती. जुन्या कौन्सिलांकडून ज्या भागाला जास्त तलाव, सभागृहं, वाचनालयं मिळाली, त्याच्या वाट्याला चालवण्या-दुरुस्तीचा पैसाही जास्त आला. पैसा माणसांमागे न जाता इमारतींमागे गेला. म्हणजे नव्या वस्त्या वाढल्या तरी निधी जुन्या उपनगरांकडेच. २०२५-२६ पासून लोकसंख्येला सर्वाधिक वजन, मग वंचितपणा, मग क्षेत्रफळ, असा हिशेब लावून मागे पडलेल्या बोर्डांना जादा रक्कम दिली जाते. ग्रेट बॅरिअर बेटावर जेमतेम हजारभर माणसं, म्हणून त्याचा हिस्सा वेगळा ठरवलाय.

कोपरा: तिठा, आपल्याकडची तुलना पूर्ण करा. राज्यघटनेच्या २४३ एस कलमानुसार तीन लाखांवर लोकसंख्या असली की प्रभाग समिती हवीच. पण पुण्याच्या समितीत बसतात तेच नगरसेवक, जे मुख्य सभेतही बसतात. समितीला पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामांना मंजुरी देता येते, तीही बजेटात तरतूद असेल तर. ऑकलंडमध्ये बोर्डाचे सदस्य नगरसेवकांपेक्षा वेगळे निवडून येतात आणि दोन्ही खुर्च्या एकाला धरता येत नाहीत. त्यामुळे वरच्या सभागृहाशी भांडायला कुणीतरी असतं. आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, पुढची जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नव्हते, म्हणून समितीही नव्हती.

तिठा: वेगळी निवड हा मुद्दा मोठा आहे, मी तो कमी लेखला. तरीही बोर्डाचा सल्लागार अधिकारी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला जबाबदार, बोर्डाला नाही. अहवालात तिसरा पर्याय लिहिलाच नाही, तर बोर्ड मतदान कशावर करणार?

हिशेबनीस: म्हणूनच तीन वर्षांच्या लोकल बोर्ड प्लॅनवर जोर द्यावा लागतो. निवडणुकीच्या पुढच्या वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत तो मंजूर करायचा असतो आणि मुख्य सभागृहाशी होणारा दरवर्षीचा करार त्यावरून बनतो. तिसरा पर्याय प्लॅनमध्ये जागेच्या नावासकट लिहिलेला असेल, तर अहवालातून तो गाळणाऱ्याला कारण द्यावं लागतं. ‘खेळण्याच्या सुविधा सुधारू’ एवढंच लिहिलं असेल, तर गाळणं सोपं जातं.