मदत हवी आहे: शॉवरचा दांडा कितीही आवळला तरी गळतोय

कर्वेनगरकर_७७
कृपया लवकर सांगा, खालच्या काकू कालपासून दोनदा वर येऊन गेल्या. बाथरूममध्ये नवा शॉवर लावला. भिंतीतून येणारा दांडा आणि पुढचा शॉवर, दोन्ही नवीन. दांडा भिंतीत शिरतो तिथे गळतंय. बाहेर थेंब थेंबच येतं, पण आत जास्त मुरत असणार, कारण काकूंच्या छताला ताटाएवढा ओलीचा डाग पडलाय. चार वेळा काढून आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली, शेवटच्या वेळी वीस वेढे. प्लंबर म्हणतो भिंतीतला एल्बो (दांडा ज्यात बसतो तो कोपऱ्याचा जोड) गेला, टाइल फोडायची, साडेचार हजार. तशा टाइल आता मिळत नाहीत. फोडू, की एखादी पेस्ट चालेल? सामान मोठ्या दुकानातलं आहे, पितळी, जड. तेव्हा मालावर शंका नको.

पाना_पक्कड
पाइप जीआयचा (जस्त चढवलेला लोखंडी) की सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा)? जुना दांडा गळत होता का? नवा हाताने किती आटे जातो आणि पान्याने किती? मोठं दुकान म्हणजे कुठलं? एवढं सांगा. तोवर शॉवर सुरू करू नका, बादलीनेच आंघोळ करा. शॉवरचा कॉक बंद असेल तर त्या दांड्यात पाणी येतच नाही, म्हणजे काकूंचं छत आजपासून वाचेल.

जुना_वाडा
टेफ्लॉन फेकून द्या. सफेदा (सांध्याला लावायची पांढरी पेस्ट) आणि तागाचा धागा. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात वडिलांनी केलेले सांधे वाडा पाडेपर्यंत टिकले. हल्लीच्या प्लंबरना ताग वळता येत नाही, म्हणून टाइल फोडायला सांगतात.

कर्वेनगरकर_७७
जीआय. इमारत १९८८ची. जुना दांडा कधीच गळला नाही, फक्त गंजून काळा पडला होता म्हणून बदलला. नवा हाताने दोन आटे जातो, पान्याने जेमतेम आणखी अर्धा, मग हलतच नाही. दुकानाचा काय संबंध?

मोरया_हार्डवेअरप्रेमी
संबंध आहे हो. मॉलसारख्या दुकानात जायचं, चकचकीत खोका उचलायचा, एसीत उभं राहून पैसे भरायचे, आणि मग गळलं की इथे यायचं. आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार एक वायसरसुद्धा सुटा देतो. स्क्रू चार हवे असतील तर चारच देतो. मोठ्या दुकानात शंभराचं पाकीट घ्या नाहीतर घरी जा. अशाने आपली छोटी दुकानं मरतील.

मीरा_माणिकबाग
तुमच्याशी तो दुकानदार नीट बोलत असेल. मी फ्लश टाकीचा व्हॉल्व घ्यायला तीन दुकानं फिरले. एकाने माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाला आधी माल दिला, दुसरा म्हणाला "ताई, मिस्टरांना पाठवा, त्यांना कळेल". टाकी मी स्वतः उघडली होती आणि जुना व्हॉल्व माझ्या पिशवीत होता. मोठ्या दुकानात किंमत लिहिलेली असते, पक्कं बिल मिळतं आणि चुकीचं आणलं तर परत घेतात. माझ्यासारखीला ते फार महत्त्वाचं आहे.

मोरया_हार्डवेअरप्रेमी
सगळेच तसे नसतात, ताई. पण तुमच्याशी असं वागले ते चूकच.

घर_नवं_नवं
विषय निघालाच आहे तर विचारतो, पंचवीस लिटरचा गीझर चार इंची विटांच्या भिंतीवर लावता येईल का?

पाना_पक्कड
गीझरसाठी चर्चेचा वेगळा धागा काढा. पाण्यासकट चाळीसेक किलो वजन होतं, भिंत बघितल्याशिवाय कोणी हो म्हणू नये.
कर्वेनगरकर, अडीच आट्यांत अडकतोय हे मला पटत नाही. चांगला दांडा चार-पाच आटे सहज जातो. जुना दांडा अजून घरात आहे का? तो हाताने लावून बघा. आणि दुकान कुठलं, हे दुसऱ्यांदा विचारतोय.

कर्वेनगरकर_७७
जुना आत्ता लावून बघितला. हाताने साडेचार आटे सरळ गेला. आता मला काहीच कळेनासं झालंय. दुकान पुण्यातलं नाही. भाऊ अमेरिकेत असतो, त्याने तिथल्या मोठ्या साखळी दुकानातून आणलाय, आईसाठी खास. खोक्यावर अर्धा इंच लिहिलंय, आपलाही अर्धाच आहे, म्हणून लिहिलं नव्हतं.

पाना_पक्कड
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! टाइलला हात लावू नका, एल्बो चांगला आहे.
अर्धा इंच हे नुसतं नाव आहे. आपल्या अर्ध्या इंची जीआय पाइपला मोजायची टेप लावलीत तर बाहेरून २१ मिमीच्या वर भरतो. आपल्याकडे आटे बीएसपी पद्धतीचे असतात, आयएस ५५४ या भारतीय मानकाप्रमाणे. अमेरिकेत एनपीटी. अर्ध्या इंचात दोन्हीकडे इंचाला १४च आटे, म्हणून सुरुवातीला बसल्यासारखं वाटतं. पण आपल्या आट्याच्या दातांचा कोन ५५ अंश, त्यांचा ६० अंश. दात दातात पूर्ण बसतच नाही, फट राहते आणि पाणी त्या फटीतून गोल फिरत बाहेर येतं. त्यात तो दांडा निमुळता असतो. जोर लावत राहिलात तर एल्बोला खरंच चीर जाईल, आणि मग टाइल फोडावीच लागेल. आधीच चार वेळा आवळलाय, आता पुरे.

जुना_वाडा
ताग भरला तर ही फटही भरेल.

पाना_पक्कड
आज भरेल, काका. पण भिंतीच्या आत आहे, सहा महिन्यांनी सुटलं तर कळणार कुणाला? काकूंच्या छतालाच. उघड्या पाइपावर तुमचा ताग मी आजही वापरतो, इथे नको.

एडिसनहून_लिहितो
न्यू जर्सीत वीस वर्षं आहे. पाना_पक्कड यांचं बरोबर आहे, इथे सगळं एनपीटी. छोटी दुकानं मरतील असं वर कुणीतरी लिहिलंय, त्यावर सांगावंसं वाटतं. होम डेपोची पहिली दोन दुकानं १९७९मध्ये अटलांटात उघडली, आज एकेक दुकान साधारण लाख चौरस फुटांचं असतं. तरी आमच्या गल्लीतलं एस हार्डवेअर चालू आहे. एस म्हणजे दुकानदारांच्याच मालकीची सहकारी संस्था, १९२४ला शिकागोत सुरू झालेली. खरेदी एकत्र करतात, दुकान ज्याचं त्याचं. पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअरवाल्या मंडळींनी असं काही करावं असं फार वाटतं.
आणखी एक. १९९२च्या कायद्यामुळे इथल्या शॉवरमधून मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटरच्या वर पाणी येऊ देत नाहीत, आणि ते मोजतात ८० पीएसआय दाबाला. तुमची गच्चीवरची टाकी शॉवरच्या चार मीटर वर असेल तर दाब जेमतेम ६ पीएसआय. धार बारीक पडेल. शॉवरच्या तोंडाशी पाणी कमी करणारी छोटी प्लास्टिकची चकती असते, बऱ्याच शॉवरमध्ये ती निघते.

मोरया_हार्डवेअरप्रेमी
बोहरी आळीत एकत्र खरेदी? शेजारच्याला भाव सांगत नाहीत हो. पण कल्पना चांगली आहे.

कर्वेनगरकर_७७
म्हणजे भावाने आणलेला शॉवर वाया? आई रोज विचारते, लावला का म्हणून.

पाना_पक्कड
वाया नाही. फक्त दांडा इथला घ्या. पुढचा शॉवर त्यावर बहुतेक वेळा बसतो, कारण तिथे पाणी रबरी वायसर अडवतो, आट्यांवर भिस्त नसते. पान्याने नाही, हातानेच आवळा. दोन्ही दांडे पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुकानात न्या. फोटो दाखवून आटे कळत नाहीत.

कर्वेनगरकर_७७
झालं. उशिरा कळवतोय, माफ करा. दोन्ही दांडे नेले. दुकानदार आजोबा सत्तरीचे असतील. अमेरिकेचा दांडा हातात घेतला, नखाने आटे चाचपले आणि मी काही सांगायच्या आत म्हणाले, "बाहेरचा आहे." खणातून पितळी सॉकेट (आतून आटे असलेला जोड) काढलं. आमचा जुना दांडा बोटाने फिरवला, सरसर आत गेला. नवा दोन फेऱ्यांत थांबला. मग सॉकेट माझ्या हातात दिलं, "आता तुम्ही फिरवा." काय चुकत होतं ते तेव्हा हाताला कळलं. साडेतीनशेचा दांडा घेतला, टेफ्लॉनचे आठ वेढे दिले, स्वतः बसवला. दहा मिनिटं शॉवर सोडून सांध्याभोवती कोरडा पेपर धरला, एक ठिपका नाही. चकती काढल्यावर धारही बरी पडते. आईने आज त्याच शॉवरखाली आंघोळ केली आणि भावाला फोन लावला. पाना_पक्कड, तुमचे फार उपकार झाले.
मीराताई, दुकानात एक बाई ग्राहक होत्या, आजोबा त्यांच्याशीही असंच सॉकेट हातात देऊन बोलत होते. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.
शेवटचं: काकूंच्या छताला रंग माझ्या खर्चाने लावून देणार आहे. कधी लावू?

पाना_पक्कड
आत्ता नको. डागावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून ओलसर दिसला तर आणखी पंधरा दिवस थांबा, परत बघा. कोरडा निघाला की पोपडे खरवडून मगच पुट्टी.