अनुभव धागा : शिबिरातले छोटे सुपरहिरो आणि झाडीमागचे खलनायक

मे महिना जवळ आला की आमच्या ग्रूपवर एकच चर्चा, यंदा मुलांच्या निवासी शिबिराला थीम काय. गेली काही वर्षं आमच्याकडे सुपरहिरोच चाललंय. म्हणजे मुलं हिरो, त्यांना सकाळी ट्रेनिंग, आणि ताई-दादांपैकी चार-पाच जण गुपचूप खलनायक, ते जवळच कुठेतरी लपून कट रचतात आणि शेवटच्या रात्री हल्ला. असले खेळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खेळले असतील किंवा घेतले असतील, तेव्हा लिहा बघू. शक्ती काय दिल्या, खलनायक कोण झालं, कुठे दडले, काय गाजलं, काय फसलं. लहानपणचं चालेल, परदेशातलं चालेल, ऑनलाईन खेळलेलंही चालेल. फक्त आवडत्या सिनेमांच्या याद्या नकोत, त्याला वेगळा धागा काढू.

मी सुरुवात करते. आमचं शिबिर वेल्ह्याजवळ, समोर तोरणा. मुलांना सांगितलं हवी ती शक्ती घ्या, तर निम्म्यांनी उडणं घेतलं आणि उरलेल्यांनी अदृश्य होणं, आणि अदृश्य पोराला कोणी पकडलं की ते शांतपणे म्हणणार, मी दिसतच नाहीये तुम्हाला, सोडा. खेळ तिथेच खलास. मग एका दादाने नियम काढला की प्रत्येक शक्तीची किंमत मोजायची. अदृश्य व्हायचंय तर श्वास रोखून धरायचा, श्वास सुटला की दिसलात. ज्याला लांबचं ऐकू येतं त्याच्या डोळ्याला पट्टी. ताकदवानाने बोलायचं नाही, एक शब्द बोलला की ताकद गेली. यातला शेवटचा नियम इतका भारी निघाला की आमच्याकडची सगळ्यात बडबडी पोरगी हट्टाने ताकदवान झाली आणि अख्खी दुपार खुणा करत फिरली.

खलनायकांची मीटिंग मुद्दाम गोठ्यामागे, मुलांच्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने, पण च-च्या भाषेत. चात्रीर चिल्लीक वगैरे. आताच्या मुलांना ती येत नाही असा आमचा समज होता, पण एकाच्या आजीने त्याला शिकवलेली, त्याने सगळा कट जेवणाच्या पंगतीत फोडला.

—

आम्ही साताऱ्याकडचे, मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. आमच्याकडे शक्ती खोट्या नव्हत्या, खऱ्या होत्या 😄 खलनायकांचं पत्र म्हणजे कोरा कागद. त्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने काडीने लिहून वाळवलेलं. ज्या गटाला हळदीचं पाणी फिरवायचं सुचेल त्याला अक्षरं लाल झालेली दिसणार, कारण हळद अल्कलीत लाल होते, कुंकू करतात तसंच. दुसरं पत्र लिंबाच्या रसाचं, ते इस्त्रीखाली धरलं की तपकिरी होऊन वाचता येतं. मुलांना हे आधी सांगत नाही, सकाळच्या ट्रेनिंगमध्ये फक्त हळद, चुना, लिंबू, सोडा मांडून ठेवतो आणि खेळा म्हणतो, कोण काय लक्षात ठेवतं ते रात्री कळतं.

खलनायकाची एन्ट्री मात्र मी स्वतः करतो. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीनचे थेंब टाकले की काही सेकंदांनी आपोआप जाळ होतो, काडी लागत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी बुवांचे चमत्कार म्हणून हेच दाखवायचे आणि मग फोडून सांगायचे, मी तरुणपणी दाभोलकरांची व्याख्यानं ऐकलेला माणूस, त्यामुळे मलाही फोडून सांगितल्याशिवाय झोप येत नाही. पहिल्या वेळी पोरं किंचाळतात आणि नंतर विचारतात सर परत करा. हे मुलांच्या हातात देऊ नका, लांबून दाखवायचं, पाण्याची बादली शेजारी.

—

आमच्याकडे मुख्य खलनायक म्हणजे स्वयंपाकाच्या मावशी. कोणाला संशयच नाही. चिठ्ठ्या भाकऱ्यांच्या चवडीखालून जायच्या. पोरं झाडावर चढून टेहळणी करतायत, दुर्बीण काय, नकाशे काय, आणि मावशी त्यांनाच विचारतात काय रे सापडला का तुमचा तो राक्षस, घे अजून आमटी.

—

विदर्भातून लिहितोय. आम्हाला व्हिलन शोधावाच लागला नाही, जागेतच होता. चिखलदरा! भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, कीचकदराचं चिखलदरा झालं अशी इकडची गोष्ट, आणि हात धुतले ते भीमकुंड. मग आमच्या कॅप्टननी थीमच बदलली, केप आणि मुखवटे रद्द, सगळी मुलं अज्ञातवासातले पांडव. विचार करा किती सॉलिड सेटिंग आहे ते, पाच जबरदस्त शक्तीवाले लोक आणि त्यांना शक्ती दाखवायचीच नाहीये, दाखवली की ओळखले जाणार आणि परत बारा वर्षं वनवास. भीम स्वयंपाकी, अर्जुन नाच शिकवतोय, नकुल घोडे सांभाळतोय. म्हणजे प्रत्येक मुलाला एक वरवरचं काम आणि एक लपवलेली शक्ती, आणि कौरवांचे हेर शिबिरातच फिरतायत, ते दिवसभर पोरांना डिवचतात की शक्ती वापरतोस का बघू. एका मोठ्या दादाने भीमाच्या ताटातली जिलबी उचलली आणि भीम काहीच बोलला नाही, नुसता लाल झाला. असला अभिनय मी नाटकात पण पाहिला नाही.

रात्रीचा खेळ गाविलगडावर घ्यायचा प्लॅन होता तो रद्द केला, तो सगळा मेळघाटचा पट्टा, अस्वल-बिबटे खरे आहेत तिथे. मुक्कामाच्या कंपाउंडमध्येच केला. खाली अमरावतीत अंग भाजत असतं आणि वर रात्री पोरं शाल मागतात, हे नवीन लोकांना सांगून ठेवा, अंगात घालायला काहीतरी आणाच म्हणावं.

—

एनसीसीवाल्यांचं पण घ्या. आमच्या कॅम्पात शक्ती-बिक्ती काही नाही, पण रात्री सेंट्री ड्यूटी आणि शेजारच्या कंपनीची (म्हणजे दुसऱ्या तुकडीची) पोरं आमचा झेंडा पळवायच्या तयारीत. थम, कौन आता है असं ओरडायचं, पासवर्ड चुकला की धरायचा. आमच्या एका कॅडेटने खुद्द सुभेदार साहेबांना अडवलं, ते पासवर्ड विसरलेले, दहा मिनिटं उभं केलं त्यांना. दुसऱ्या दिवशी फॉल इनला सगळ्यांसमोर शाबासकी त्यालाच मिळाली.

—

स्काऊटमध्ये आयुष्य गेलं म्हणून दोन गोष्टी सांगतो. हे प्रकरण जुनं आहे. स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलने १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर घेतलं ते वीसेक मुलांचं, बड्या शाळांतली आणि कामगारांच्या घरची मुलं मुद्दाम एकत्र, गट पाडलेले, सकाळी उठवायला आफ्रिकेतून आणलेलं कुडू हरणाचं शिंग फुंकायचे. माग काढणं, लपणं, निरीक्षण, हेच ट्रेनिंग. तुमचे सुपरहिरो काय वेगळं करतात?

दुसरं, मारामारी कशी टाळायची. प्रत्येकाच्या दंडाला लोकरीचा धागा बांधा. तोच त्याचा जीव. धागा तुटला की तो खेळाडू तळावर जाऊन नवीन धागा आणेपर्यंत बाद. ढकलाढकली नाही, रडारड नाही, मेलास-नाही मेलो हा वाद नाही. सुतळी किंवा नायलॉन वापरू नका, तुटत नाही आणि हाताला कापतं. साधी लोकर, सैल गाठ.

—

न्यू जर्सीहून. इथे समर कॅम्पचं कल्चर आधीच आहे, शेवटच्या आठवड्यात कलर वॉर म्हणून अख्खा कॅम्प दोन रंगांत वाटतात आणि मुलं घसा बसेपर्यंत ओरडतात. आमच्या ओळखीच्या काही मराठी कुटुंबांनी मिळून पाइन बॅरन्सच्या जंगलाच्या बाजूला वीकेंड कॅम्प केला, मुलांनी हिरोंची नावं मराठीत ठेवायची एवढीच अट. मग काय, वीजबाई, चिखल्या, कानसेन. खलनायक तिथलाच घेतला, जर्सी डेव्हिल. या जंगलातली फार जुनी दंतकथा, १७३५ साली लीड्स नावाच्या बाईचं तेरावं मूल शिंगं-पंखांचं निघालं आणि धुराड्यातून उडून गेलं म्हणतात. इथल्या हॉकी टीमचं नाव पण त्यावरूनच आहे, त्यामुळे मुलांना तो खलनायक वाटेचना, अर्ध्यांच्या अंगात त्याचेच टीशर्ट! शेवटी माझ्या नवऱ्याने डेव्हिलला चांगला करून टाकला आणि खरा कट करणारा एक बिल्डर काढला ज्याला जंगल तोडायचंय. ते मात्र पोरांना लगेच पटलं.

इकडच्या लोकांसाठी, झाडीत लपायचा खेळ असेल तर लांब पँट आणि मोजे वर ओढलेले, हरणांवरच्या गोचिडी चावून लाइम डिसीज होतो. रात्री अंघोळीच्या वेळी मुलांचे गुडघ्यामागचे, कानामागचे भाग तपासायचेच. पॉयझन आयव्ही (अंगाला लागली की खाज-पुरळ येते ती वेल) ओळखायला ट्रेनिंगमध्येच शिकवलं, तीन पानांचा झुबका दिसला की हात नाही लावायचा.

—

शिबिर नाही पण चालेल का बघा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाच्यांना घरात कोंडून वैताग आलेला, मी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्यांचा खेळ घ्यायचो. गोष्ट अशी की तुम्ही सगळे एका डोंगरातल्या छावणीत शिकणारे नवे हिरो, आणि पलीकडच्या बंद पडलेल्या साखर कारखान्यात खलनायक जमतायत. काय करायचं ते तुम्ही सांगा, जमतं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगेल. फासा नव्हता, फोनवर आकडा काढायचो.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती एक युक्ती. कागदावर एक गोल काढायचा, त्याचे सहा भाग करायचे, आणि खलनायकांचं काम जसं पुढे सरकेल तसा एकेक भाग रंगवायचा. मुलं ट्रेनिंग करत बसली तरी गोल भरत राहतो. ते कागद मी कॅमेऱ्यासमोर धरायचो, का भरतोय ते सांगायचो नाही. चौथा भाग रंगवला तेव्हा जो आरडाओरडा झाला, आजी स्वयंपाकघरातून धावत आली. त्याआधी पोरं छावणीत कोणाचा बेड खिडकीजवळ यावर भांडत होती.

आणि वर ते शक्तीची किंमत लिहिलंय त्याला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्या धाकट्याने आग काढायची शक्ती घेतली आणि किंमत म्हणून स्वतःच सांगितलं की आग काढली की मला खूप भूक लागते. मग प्रत्येक मारामारीच्या आधी तो खरोखर डबा घेऊन बसायचा.

—

थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना एका शिबिरात असाच रात्रीचा हल्ला झाला, काळे कपडे, डबे वाजवत, झोपलेल्या मुलांवर. मोठ्यांना धमाल आली असेल. तो घरी येऊन कित्येक दिवस दिवा लावून झोपत होता. लहान गटाला खलनायक कोण आहेत ते आधी दाखवाच, ताईने त्यांच्यासमोरच मुखवटा घालावा आणि काढावा. त्याने खेळ बिघडत नाही, माझ्या मुलाला पुढच्या वर्षी दुसरीकडे असं दाखवलं होतं तर तोच सगळ्यात पुढे. आणि झोपेतून उठवून हल्ला नको, जेवणानंतर करा.

—

सहमत. शिवाय कोकणातल्या लोकांनी रात्रीच्या लपाछपीला चिऱ्याच्या गडग्याला टेकून बसू देऊ नका. फुरसं, मण्यार दोन्ही विषारी साप असतात आणि मण्यार रात्रीच फिरते. आम्ही जागा दिवसा बघून चुन्याने खुणा करतो, त्या हद्दीबाहेर ना हिरो ना खलनायक. बूट झटकून घालणं ही आमच्याकडे पहिली शक्ती, तिच्याशिवाय दुसरी मिळत नाही.

मेच्या शेवटी भंडारदरा किंवा राजमाचीच्या बाजूला शिबिर असेल तर तिकडे काजवे असतात, तेव्हा टॉर्चवाले खेळ बंदच ठेवा. प्रकाशाने त्यांची गडबड होते, आणि ते झाड लुकलुकताना पाहिलं की पोरं तशीही खेळ विसरतात.

—

मी या धाग्यात बहुतेक सगळ्यात लहान, बारावी झालीये. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हिरो होते, शक्ती होती मनातलं ओळखणं, म्हणजे समोरच्याला तीन प्रश्न विचारायचे आणि त्याने खरंच बोलायचं. ट्रेनिंग बेक्कार होतं, पहाटे उठून सूर्यनमस्कार, मग दोरीचा मल्लखांब, ती ताई दोरीवर उलटी लटकून आमच्याशी गप्पा मारायची आणि आमच्या पायाच्या बोटांत दोरीच अडकायची नाही. तर एका रात्री मला खलनायकांचा अड्डा सापडला, शेडच्या मागे, आणि ते लोक तिथे चक्क कांदाभजी तळत होते. आम्हाला रात्री मुगाची खिचडी आणि हे भजी! मी तीन प्रश्न विचारले, भजी अजून आहेत का, मला मिळतील का, आणि बदल्यात काय करायला लागेल. मग मी फुटले. आमच्या तळाची शिट्टी कुठे टांगलेली असते ते सांगून टाकलं आणि गटात परत जाऊन झोपले, सकाळी शिट्टी गायब आणि सगळे एकमेकांकडे बघतायत. कोणाला अजून माहीत नाही, आता कळेल 😬

नंतर दोनदा मी खलनायकांकडूनच होते, आणि खरं सांगू का, जास्त काम त्यांनाच असतं, हिरोंना फक्त धावायचं असतं. आम्ही दुपारी सगळे झोपले की बसून ठरवायचो की कुठला पुरावा किती सोपा ठेवायचा, कारण पोरांना सापडलाच नाही तर काय मजा, आणि लगेच सापडला तर आमचा पोपट. स्काऊटवाल्या काकांची लोकरीची आयडिया मी घेणार आहे. यंदाचा कट तयार आहे पण तो इथे लिहिणार नाही, आमच्या गटातल्या दोन पोरांच्या आया हा धागा वाचतायत.