गाडी जवळ येताना भोंग्याचा स्वर खरंच चढत जातो का?

बारावी_थिवी: आमचं घर थिवीला, रुळांपासून साधारण ५० मीटरवर. न थांबणारी गाडी भोंगा वाजवत येते तेव्हा स्वर चढत चढत येतोय असं वाटतं, मग एकदम पडतो. पण हलणाऱ्या वस्तूचा स्वर बदललेला का ऐकू येतो ते सांगणाऱ्या डॉपलरच्या सूत्रात अंतर नाहीच, फक्त वेग आहे. मग चढतं ते काय? आणि चवथीच्या आरतीत एका घुमटाचे (आमचं मातीचं चर्मवाद्य) ८० डेसिबल धरले तर दोन घुमटांचे १६० का होत नाहीत?

साखळीकर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ८३. तीव्रता दुप्पट झाली की १० लॉग २, म्हणजे ३ डेसिबल वाढतात. दहा घुमटांचे ९०.

फोंड्याचा_पेटीवाला: त्यात एक भर घालतो, कारण गोव्यात हे सर्वांना कळायला हवं. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. 'दहानेच तर जास्त' म्हणणारा दहापट तीव्रतेबद्दल बोलत असतो.

आता भोंगा. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि भजनाला पेटीची साथ करतो, म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा. गाडी ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. आपल्या उकाड्यात ध्वनीचा वेग ३४९ धर, भोंगा ४०० हर्ट्झचा. लांबून येताना ४३१ ऐकू येतात, लांब गेल्यावर ३७३. जातानाचा स्वर सा धरलास तर येतानाचा शुद्ध रे आणि कोमल ग यांच्या मधोमध बसतो.

सूत्रात घालायचा तो वेग तुझ्या दिशेचा. गाडी समोर येते तसा तो कमी होतो. ५० मीटर अलीकडे असताना निघालेला स्वर ४२१, बरोबर समोरून निघालेला ४००. म्हणजे स्वर पूर्ण वेळ उतरतच असतो! चढते ती तीव्रता: ४०० मीटरवरून ५० वर आली की ६४ पट, १८ डेसिबल. आवाज असा वाढला की कानाला स्वरही चढल्यासारखा वाटतो. न्यूहॉफ आणि मॅकबीथ यांनी १९९६ मध्ये याला 'डॉपलर भ्रम' म्हटलं.

डॉपलरने हे १८४२ मध्ये मांडलं आणि १८४५ मध्ये बाइज बॅलटने (भूगोलातला वाऱ्याच्या नियमाचा तोच) नेदरलँड्समध्ये आगगाडीत वादक बसवून तपासलं. स्वर ओळखायला रुळांकडेला संगीतकारच उभे होते. सूर पक्का असलेल्या माणसाचा कान तेव्हा मोजमापाचं साधन होता, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

घराच्या खिडकीतून रेकॉर्ड कर आणि स्पेक्ट्रोग्राम (स्वर वेळेनुसार कसा बदलतो त्याचा आलेख) दाखवणाऱ्या अ‍ॅपवर बघ. भोंग्याच्या रेषा खालीच वळताना दिसतील.

बारावी_थिवी: सर, मग स्टेशनवर ऐकताना स्वर इतका झटकन का पडतो?

फोंड्याचा_पेटीवाला: छान विचारलंस. दोन टोकं तीच, ४३१ आणि ३७३. बदलतो तो उतरायचा वेळ. तुझ्या घरून ५० मीटर अलीकडून ५० पलीकडे जायला गाडीला ४ सेकंद लागतात. रुळांपासून ५ मीटरवर उभी राहिलीस तर तेवढीच उतरण ०.४ सेकंदात होते. गायकीत बोलायचं तर घरून मींड (स्वर सावकाश घसरतो), फलाटावर खटका (झटक्यात बदलतो).