मदत हवी आहे: चौथ्या दिवशी उंदीर पीतच नाहीत!

अर्धवटप्रबंध: उंदरांना अंधारात दारू प्यायला देण्याचा चार दिवसांचा प्रयोग चालू आहे. सीआरएफ-१ ब्लॉकर (मेंदूतल्या सीआरएफ या रसायनाचा रिसेप्टर अडवणारं, पिणं कमी करायचं औषध) दिलेले आणि नुसतं सलाइन दिलेले, दोन्ही गट चौथ्या दिवशी जेमतेम २ ग्रॅम/किलोवर (उंदराच्या वजनाच्या किलोमागे इतके ग्रॅम अल्कोहोल) अडकलेत. म्हणजे औषध चालत नाही का? उद्या गाइडना आकडे दाखवायचेत. प्लीज लवकर सांगा!

खडूसकाका: उंदरांची जात कुठली? दिवे किती वाजता जातात? पिंजऱ्यात एकटे की घोळका? डीबीए/२जे असतील तर बसा वाट बघत, ते दारूला तोंडही लावत नाहीत.

अर्धवटप्रबंध: सी५७बीएल/६जेच हो, पिणारी जात, दुसरे कोण वापरतं? एकेकटे आहेत. दिवे गेल्यावर ३ तासांनी पाण्याऐवजी २०% अल्कोहोलची बाटली. तीन दिवस २-२ तास, चौथ्या दिवशी ४.

डोपामाइनदादा: सीआरएफच्या मागे लागून वेळ घालवू नका. खेळ सगळा न्यूक्लियस अक्युम्बन्समधल्या (मेंदूतलं मजा-बक्षिसाचं केंद्र) डोपामाइन या रसायनाचा. नालट्रेक्सोन देऊन बघा, पिणं उतरतंच.

खडूसकाका: दादा, नालट्रेक्सोन ओपिऑइड रिसेप्टर (अफूसारखी द्रव्यं जिथे चिकटतात ते) अडवतं, डोपामाइनचे नाहीत. आणि सीआरएफ-१ अडवला की या प्रयोगात पिणं कमी होतं, हे पुन्हा पुन्हा दिसलंय.

डोपामाइनदादा: ओपिऑइडच्या वाटेनंही शेवटी डोपामाइनच सुटतं ना?

नवखा७: हे ब्लॉकर माणसांना मिळतं का? मेव्हण्यासाठी विचारतोय.

थेंबमोजणी: नवखा, माणसांवरच्या चाचण्यांत सीआरएफ-१ ब्लॉकरनी दारूची ओढ काही कमी केली नाही. नालट्रेक्सोन मात्र खरंच औषध आहे, अमेरिकेत १९९४ पासून दारूसाठी मान्य. डॉक्टरांना विचारा, उंदीरवाल्यांना नको.
प्रबंधताई, गळती वजा केलीत का? २५ ग्रॅमच्या उंदराचे २ ग्रॅम/किलो म्हणजे फक्त ०.३२ मिली. बाटली लावताना तीन थेंब सांडले की जवळजवळ १ ग्रॅम/किलो तिथेच गेलं. सांडलेलं मोजायला एका रिकाम्या पिंजऱ्यालाही बाटली लावायची असते.

खडूसकाका: थेंब राहू देत. पहिले तीन दिवस सुई टोचलीत का?

अर्धवटप्रबंध: नाही, तेव्हा औषध कुठे द्यायचं होतं? थेट चौथ्या दिवशी, बाटलीच्या अर्धा तास आधी. तिसऱ्या दिवसापर्यंत मस्त पीत होते.

खडूसकाका: मग बोंबललं. मानगूट धरून उलटा केला, पोटात सुई खुपसली, तीही आयुष्यात पहिल्यांदा. तो अर्ध्या तासात बाटलीकडे धावेल होय? सलाइनवालेच पीत नाहीत तर औषध कमी काय करणार! आणि सीआरएफ हे ताणाचंच रसायन, म्हणजे तुम्ही स्वतःच ते ढवळून ठेवलंत. पुढच्या खेपेला तिन्ही दिवस सगळ्यांना सलाइन टोचा, सवय होऊ द्या. रक्तात किती आलं?

अर्धवटप्रबंध: जवळपास शून्य. दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलं होतं.

खडूसकाका: सकाळी!! अहो, तोवर सगळं उतरतं. चार तास संपले की लगेच शेपटीतून घ्यायचं. ८० मिग्रॅ/डेसिलीच्या वर गेलं तरच झिंगेपर्यंत प्यायला म्हणायचं.

डोपामाइनदादा: डोपामाइन मोजलं असतं तर ही वेळच आली नसती.

अर्धवटप्रबंध: दादा, प्लीज. उद्या गाइडना काय दाखवू?

थेंबमोजणी: रिकाम्या पिंजऱ्याचं सांगितलं नाहीत अजून.