बंधारा तोच, पाटाचा कायदा गेला

ताई, ‘आमचं गाव कसं बदललं’ असं सांगितलं की मुलं मोबाइल टॉवर, सिमेंटचे रस्ते आणि झाडं कमी झाली एवढंच लिहितात, ही तुमची तक्रार अगदी खरी. मीही धुळे जिल्ह्यात पांझराकाठी शिकवतो. यंदा नववीच्या मुलांना एकच जागा दिली: गावचा दगडी बंधारा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहायचं.

बंधाऱ्याचं पाणी गावानं मिळून वापरायची आपल्याकडची फड पद्धत तीनेकशे वर्षं जुनी. पाटाखालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी पाटकरी देणार, राखण जागल्या करणार, पाट साफ करायला सगळे जाणार. एका मुलीच्या आजोबांनी सांगितलं, “पानी आपलं नव्हतं, फडाचं होतं.” मग विहिरी वाढल्या, मोटारी बसल्या, ज्याला जे परवडेल ते तो लावू लागला. त्या मुलीनं लिहिलं: बंधारा होता तसाच आहे, पण त्याच्याभोवती जमणारी माणसं राहिली नाहीत. (हे वाक्य मी वर्गात दोनदा वाचलं.)

बदल डोळ्यांना दिसतोच असं नाही, हे तिनं मला शिकवलं.

तुमची शाळा पाचोऱ्याकडे आहे म्हणता, तर मुलांना पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वे, हा विषय द्या. 2020 पासून ती नॅरोगेज बंद आहे. पाचोरा ते जामनेर त्या गाडीनं कोण कशासाठी जायचं, एवढंच विचारायला लावा. आजी-आजोबा आहेत तोवर, याच सत्रात.